दारू सोडण्यासाठी मीटिंगला जाताय? या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडं दारू सोडायचं मनावर घेतलेली किती माणसं मीटिंगच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. बहुतेकांना अडवतात त्या समजुती आणि संकोच. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे आपण ज्याला एए म्हणतो, ती चळवळ १९३५ साली अमेरिकेत दोन व्यसनी माणसांच्या भेटीतून सुरू झाली. तिच्या मीटिंगमध्ये दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसून आपापले अनुभव सांगतात. तिथं आजही फी नाही. खर्च सभासद आपापसात वर्गणी काढून भागवतात. यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा.

म्हणूनच "आधी आठवडाभर बंद करून दाखवतो, मग जातो" ही पहिली चूक. सुटत नाही म्हणून तर जायचं. काल प्यायलात तरी आज जा. बोलायची सक्तीही नाही, नुसतं बसून ऐकलं तरी चालतं.

दुसरी चूक मात्र जिवावर बेतणारी आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं मीटिंगमध्ये भारावून जाऊन त्याच रात्री एकदम दारू तोडायची नाही. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते इथंवर लोकांना ठाऊक असतं. पण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊन माणूस घरच्यांनाही ओळखेनासा होतो. घरचे त्याला 'बाहेरचं काहीतरी झालंय' समजून देवऋषाकडं नेतात आणि मोलाचे तास वाया जातात. आधी डॉक्टर गाठा. सिव्हिल हॉस्पिटल आहे, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. कुठं जायचं तेच कळत नसेल तर १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर विचारा, पैसे पडत नाहीत. औषधोपचार आणि मीटिंग दोन्ही बरोबर चालतात. एक घेतलं म्हणून दुसरं सोडायचं कारण नाही. गळ्यात माळ घातली असेल तर त्याबद्दलही हेच म्हणेन. माळेचा आधार मोठा असतोच, पण ती घातली म्हणून मीटिंग बंद करू नका.

पत्त्याचं म्हणाल तर जुन्या यादीवर विसंबून निघू नका. मीटिंग बहुधा कुणीतरी वापरायला दिलेल्या खोलीत भरते. शाळेची खोली असेल तर परीक्षा, दिवाळीची सुट्टी यात जागा किंवा वेळ बदलते. निघण्याआधी फोन करा. ओळखीचं कुणी बघेल म्हणून तासगावचा माणूस सांगलीला किंवा कोरेगावचा साताऱ्याला गेला तर त्यात काही वावगं नाही. फक्त मीटिंग संध्याकाळी असेल तर परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा. वडापची जीप मिळेल या भरवशावर राहिलेला माणूस मीटिंग अर्ध्यावर टाकून उठतो.

पहिल्या दिवशी गाडी फाटकाबाहेर लावून, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून 'आत कोण कोण जातंय' बघत उभी राहिलेली माणसं असतात. मीटिंग सुरू होते आणि ती गाडीला किक मारून निघून जातात. त्यापेक्षा पंधरा मिनिटं आधी जा आणि सतरंजी अंथरणाऱ्याला सांगा, "मी पहिल्यांदाच आलोय." तो माणूस तुमच्याच वाटेनं आलेला असतो. आडनाव कुणी विचारणार नाही. तुम्हीही आत ऐकलेलं गावात बोलायचं नाही. तिथं नाव गुप्त राहतं या विश्वासावरच लोक मन मोकळं करतात.

घरच्यांसाठी एक गोष्ट. काही मीटिंग बंद असतात, म्हणजे फक्त व्यसनी माणसांसाठी, आणि काही खुल्या. ते न विचारता वहिनी नवऱ्यासोबत येतात आणि तासभर बाहेर पायरीवर बसून राहतात. कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट असतो, त्याची चौकशी करा. नवरा यायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता. आणि 'नकळत औषध देऊन दारू सोडवा' या जाहिरातींच्या नादी कृपा करून लागू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनंच घ्यायचं असतं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक शेवटच्या पाच मिनिटांत होते. प्रार्थना संपली की नवा माणूस चपला शोधायला लागतो. खरं काम तिथून पुढं असतं. चहा घ्या, दोघा-तिघांचे नंबर घ्या. एसटीच्या तिकिटामागं लिहू नका, ते हरवतं. तिथंच मोबाइलमध्ये टाका आणि त्यांना एक मिस कॉल द्या. रात्री नऊ वाजता तलफ येते तेव्हा मीटिंग नसते, हे नंबर असतात. पुढं त्यातलाच कुणी तुमचा स्पॉन्सर, म्हणजे हात धरून चालवणारा जुना सभासद होईल. एकाच मीटिंगवरून 'आपल्यासाठी नाही हे' ठरवू नका. देवाचं नाव निघालं म्हणून बिचकूही नका, तिथं ज्यानं त्यानं आपल्या समजुतीचा ईश्वर मानायचा असतो.

उसाचं बिल खात्यावर जमा होतं तो दिवस, गावची यात्रा, भावकीतलं लग्न हे दिवस आधीच हेरून ठेवा आणि त्या संध्याकाळची मीटिंग पक्की करा. जाता येत नसेल तर ऑनलाइन मीटिंगही असतात. आणि स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर शरमेनं तोंड लपवू नका. त्याच रात्री मीटिंगमध्ये घेतलेल्यातला एक नंबर लावा आणि पुढच्या मीटिंगला जाऊन "मी प्यायलो" एवढं सांगा.