ठाणे खाडीवर पक्षी बघायला निघण्याआधी भरतीची वेळ काढा

येऊरच्या किंवा कर्नाळ्याच्या जंगलात जायचं तर उजाडताना पोचावं, एवढा नियम पुरतो. ठाणे खाडीला तो पुरत नाही. चिखलावर चरणारे पक्षी इथे पाण्याच्या वेळापत्रकाने चालतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खायला दूरवर पांगतात, भरतीला चिखल बुडाला की काठाकडे सरकतात. पहाटेची लोकल पकडून नवी मुंबईत सीवूड्सला पोचावं आणि लांब पाण्याच्या कडेला रोहितांची (फ्लेमिंगोंची) नुसती फिकट गुलाबी रेघ दिसावी, असं बहुतेकांचं होतं ते ओहोटी गाठल्यामुळे.

भरतीची वेळ काढायला दिनदर्शिकेतली तिथी पुरते. कोळीवाड्यातला जुना हिशोब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, आलं ते भरतीचं घड्याळ. एकादशी म्हणजे ११, त्याची पाऊणपट सव्वाआठ. भरती सकाळी सव्वाआठच्या सुमारास आणि पुन्हा रात्री त्याच सुमारास. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या आसपास येते आणि पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशिरा सरकते. अष्टमीच्या मागेपुढे, भांगेच्या दिवसांत, हा हिशोब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो. तेव्हा छापील भरती-ओहोटीचं कोष्टक किंवा मोबाइलवरचं ॲप बघावं. कोष्टकातली ही वेळ मुंबईत गेटवेजवळच्या अपोलो बंदराची असते. खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी त्यानंतर थोडं उशिरा चढतं.

वेळेसोबत पाण्याची उंचीही बघा. उधाणाला भरती सव्वाचार-साडेचार मीटरपर्यंत किंवा त्याहून वर जाते, भांगेला साडेतीनच्या आसपास राहते. भांगेची भरती सगळा चिखल झाकत नाही, त्यामुळे पक्ष्यांना जागा सोडायची गरजच पडत नाही. नेमकी भरतीची वेळ गाठूनही काठाच्या आतली तळी (भरतीला पक्षी इथे विसाव्याला येतात) रिकामी दिसली, तर आधी उंचीचा आकडा तपासा.

तिसरी गोष्ट उजेड. नवी मुंबईच्या काठावर उभं राहिलं की खाडी पश्चिमेला असते. सकाळी सूर्य पाठीशी, रंग स्वच्छ. दुपारनंतर तिथेच सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. कोपरी आणि भांडुपच्या बाजूला याच्या बरोबर उलट, तिथे दुपार चांगली. या तिन्ही गोष्टी जुळवल्या की नवी मुंबईसाठी उत्तर मिळतं: एकादशी ते त्रयोदशी. भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान, पाणी उधाणाकडे चढत चाललेलं आणि सूर्य पाठीशी. नोकरदार माणसाला रविवारच मिळतो, म्हणून नोव्हेंबर ते मेच्या दिनदर्शिकेवर या तिथींना येणारे रविवार आधीच खुणा करून ठेवावेत. ज्या रविवारी सकाळी ओहोटी आहे, त्या रविवारी येऊर.

भरतीच्या दोन तास आधी काठावर या. पाणी चढतं तसे पक्षी ढकलले जातात, खारफुटीजवळच्या शेवटच्या पट्ट्यात दाटी होते, आणि ओळख पटवायला हाच सगळ्यात चांगला वेळ. पट्टा बुडाला की थवे उठतात आणि पाम बीच रोडलगतच्या तळ्यांत, म्हणजे नेरुळचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, तिथे विसाव्याला येतात. भरतीच्या मागेपुढे तासभर ते एका पायावर उभे राहून झोपतात. या तासात जवळ जाऊ नका. उडवलेल्या थव्याला बसायला दुसरी जागा नसते आणि परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी उगाच जळते. मान वर करून सगळे एकाच दिशेला चालू लागले, की तुम्ही नको तितके जवळ आलात. तिथेच थांबा, मग सावकाश मागे या.

तळ्यांचा उपयोग खाडीचं पाणी आतबाहेर होतं तोवरच. ते थांबलं की काय होतं, ते डीपीएस तलावात २०२४ साली दिसलं: भरतीचं पाणी येणं थांबलं, शेवाळाचा थर साचला आणि रोहितांनी पाठ फिरवली. म्हणून प्रत्येक फेरीत तळ्याला पाणी कुठून येतंय, ती वाट राडारोड्याने बुजलेली नाही ना, हेही बघा आणि तारीख घालून फोटो काढून ठेवा. पाणथळ जागेसाठी भांडताना अशाच नोंदी कामी येतात.

दुर्बीण ८×४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १०×ने पक्षी मोठा दिसतो, पण हात हलतो तेही मोठं दिसतं. नव्या दुर्बिणीतून धूसर दिसतं याचं कारण बहुतेक वेळा डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी कडी, लावलेलं नसतं. उजवा डोळा मिटा, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असं करा. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. हे एकदाच करायचं, पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप आत दाबलेले ठेवा. खाडीवरची धूळ खारट असते, आधी फुंकून उडवा आणि मगच कापड लावा, नाहीतर भिंगावर चरे पडतात. दहानंतर चिखलावरची हवा तापून थरथरते. तेव्हा स्पॉटिंग स्कोपची (तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीची) ताकद वाढवून उपयोग नाही, उलट २०×वर आणा.

ओळखताना रंगाच्या मागे लागू नका. हिवाळ्यात यातले बहुतेक जण करडे-तपकिरी असतात. आधी आकार, मग चोच, मग खायची पद्धत. चार पावलं धावून थबकतो, टोच मारतो, पुन्हा धावतो, तो चिखल्या. तो डोळ्यांनी भक्ष्य शोधतो आणि त्याची चोच आखूड असते. डोकं खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करतो तो तुतवारांपैकी. चिमणीएवढा असेल तर लिटल स्टिंट. लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात खुपसणारा, उडताना पंखावर पांढरा पट्टा आणि काळी शेपटी दाखवणारा तो ब्लॅक-टेल्ड गॉडविट. पाय नारिंगी-लाल आणि उडताना पंखाची मागची कड पांढरी, तो रेडशँक. चोच खाली वळलेली आणि पक्षी कोंबडीएवढा, तर कर्ल्यू. गुलाबी लांब पायांचा शेकाट्या मात्र कुणीही ओळखेल.

रोहितांमध्ये दोन जाती मिसळलेल्या असतात. छोट्या रोहिताची चोच लांबून पूर्ण गडद दिसते, मोठ्याची गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. मोठा उंचच असतो, पण उंचीवर भरवसा ठेवू नका. कोण किती खोल पाण्यात उभा आहे ते लांबून कळत नाही. राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं.

मोजणी डोळ्याने ‘हजारो’ म्हणून करू नका. दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते बघा, मग त्या मापाने पन्नासचा, मग शंभरचा तुकडा पाडत थव्याच्या टोकापर्यंत जा. उलट्या टोकाकडून पुन्हा मोजा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना सुरुवातीची वेळ, किती वेळ थांबलात आणि भरती किती वाजता होती हे टिपणात लिहा. भरतीची वेळ न लिहिलेल्या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

चिखलात उतरू नका, वरून घट्ट दिसला तरी माणूस मांडीपर्यंत रुततो आणि पाणी मागून येतं. खाडीच्या मध्यावरून बघायचं असेल तर ऐरोलीच्या तटीय आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते. तिची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते. आगाऊ नोंदणी करा, टोपी आणि पाणी घ्या, आणि बोटीच्या डाव्या-उजव्या बाजूपेक्षा सूर्य कुठे असेल ते बघून जागा धरा.