गोळ्या चालू असताना वजन उतरत नाही? या चुका टाळा

आमच्या आईचं वजन दोन वर्षं ६८ वर अडून बसलं होतं. भात बंद, साखर बंद, संध्याकाळी फेरी. काटा हलायला तयार नाही. मग एकदा चादर बदलताना तिच्या उशाखाली ग्लुकोज बिस्किटांचा पुडा सापडला. रात्री दोन-अडीचला तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे. चार-पाच बिस्किटं आणि कपभर दूध घेतल्यावर झोप लागायची.

तिने जेवण निम्म्यावर आणलं होतं, मधुमेहाची गोळी ग्लिमेपिराइड मात्र जुन्याच जेवणाच्या हिशेबाने चालू होती. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की शरीर खायला मागणारच. जेवण कमी करणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, डोस ते ठरवतील. आम्ही सांगितलंच नव्हतं. संकष्टी-एकादशीला तर हा घोळ घरोघरी होतो. साखर उतरलीच तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बिस्किटांतल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते आणि तोवर निम्मा पुडा संपतो.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते: ‘स्टेरॉइडने अंग सुटतं’ म्हणून प्रेडनिसोलोन परस्पर थांबवणं. अंग सुटतं हे खरंच आहे. भूक खवळते, चेहरा गोल होतो, पाणी साठतं. पण काही आठवडे गोळी घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. गोळी एकदम तोडली तर उलट्या, कमालीचा थकवा, रक्तदाब खाली. ती डॉक्टरच पायरीपायरीने उतरवतात. आपल्या हातात काय, तर लोणचं-पापड आवरणं. आणि स्टेरॉइड दंड-मांड्यांचे स्नायू खातं, म्हणून नुसतं चालून भागत नाही. खुर्चीवरून उठ-बस करा, ताटात डाळ-उसळ-अंडं वाढवा.

दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे. नडगीवर अंगठा दाबून पाहा. खळगा राहिला तर पाणी साठलंय. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोन गोळीनेही असं होतं. सोबत धाप लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

थायरॉइडची गोळी चहासोबत गिळणारे मला रोज भेटतात! ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी. वजन उतरावं म्हणून डोस वाढवू नका, छाती धडधडते, हाडं झिजतात.

मनाच्या आजाराच्या गोळ्यांबद्दल घरात कुणी बोलत नाही. ओलान्झापिन, मिर्टाझापिन, फिटसाठीही दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट, यांनी भूक आणि वजन वाढू शकतं. त्यात रुग्णाच्या जिभेचा दोष नसतो, त्याला टोमणे मारू नका आणि गोळी लपूनछपून बंद करू देऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘वजन कमी वाढवणारी दुसरी गोळी याला चालेल का?’ बरेचदा पर्याय असतो.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेली बिनलेबलची पुडीसुद्धा. तसल्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉइडच निघतं.