उन्हाळ्याची पुस्तकं आत्ताच बाजूला काढून ठेवा

थंडी सरत आली आणि आपल्या बेळगाव भागात गावोगावची साहित्य संमेलनं सुरू झाली की मी उन्हाळ्याच्या पुस्तकांच्या मागं लागते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, जिथं जमेल तिथं जायचं, ग्रंथदिंडी बघायची, भाषणं निम्मी ऐकायची (सगळी ऐकलीच पाहिजेत असं काय नाही) आणि मंडपाबाहेर पुस्तकांच्या स्टॉलवर जाऊन उभं राहायचं. लोकं जेवायला पळतात तेव्हा स्टॉल मोकळा असतो, तेवढ्यात मधलंच पान उघडून वाचा, पाय दुखालेत हे विसरलात तर पुस्तक घ्या.

चार-पाच बास. आणि घरी आणून लगेच वाचायची नाहीत, हेच अवघड. मी पेपरात गुंडाळून कपाटात वर ठेवते, मार्चभर कपाट उघडलं की ती दिसतात, कधी हात जातो, परत ठेवते. विकत घ्यायची नसतील तर सार्वजनिक वाचनालय आहेच की, 1848 सालचं.

घरातली जुनी पुस्तकंपण काढा. आपल्याकडं पावसाळ्यात भिंती ओल धरतात मग पुस्तकं काय सुटतात, कुबट वास येतो, कसर लागते. उभी करून, पानं जरा फाकवून पडवीत वाऱ्याला ठेवा, पण कडक उन्हात नको, डिंक वाळून पाठ सुटते. कपाटात कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळवून.

आता मेन गोष्ट, कॅलेंडर. आपल्या शाळा 10 एप्रिलच्या आसपास सुटतात पण कोल्हापूरकडच्या पोरांच्या परीक्षाच चालू असतात, ती येणार मे लागला की. म्हणजे मधले जवळजवळ तीन आठवडे घर त्यातल्या त्यात शांत, जाडजूड कादंबरी ह्याच दिवसांत उरकायची. मे महिन्यात फक्त कथा, कारण दर दहा मिनिटांनी कोणतरी भांडण घेऊन येतंय.

जागा म्हणाल तर कौलारू घरात दुपारी माडीवर जाऊ नका, भाजून निघाल. खाली मधल्या खोलीत गार फरशीवर चटई, डोक्याखाली उशी, मोबाइल तांदळाच्या डब्याच्या मागं. कोकम सरबत चालतं, फणस नाही! चिकट बोटं लागली की दोन पानांचं एक पान होतं, आणि बोटाला खोबरेल लावून परत पुस्तक धरलं तर तेलाचे डाग वेगळेच.

चारच्या सुमाराला ढग आले की आधी पुस्तक आत. मागच्या वर्षी वळीव आला तेव्हा सगळे गच्चीवर सांडगे गोळा करायला पळालो, सांडगे वाचले, कठड्यावरचं पुस्तक भिजून टम्म फुगलं. तसं झालं तर पानं ओढून सोडवू नका, फाटतात. पाणी निथळू द्या, मग थोड्या थोड्या पानांमागं कोरा टिपकागद घाला, तो ओला झाला की बदला, आणि पंख्याखाली ठेवा. छापील पेपर घातला तर शाई उठते, मला उशिरा कळलं. सुकत आलं की वर पाटा ठेवून दाबा. माझं वाकडं राहिलं पण वाचता येतंय.

कोल्हापूरची गँग आली की एक पान मी, एक पान पोरं असं मोठ्यानं वाचायचं. आमचा इथला भाचा इंग्लिश मीडियमचा, जोडाक्षर आलं की गाडी थांबते, कोल्हापूरवाले हसतात. मग मी त्यांना गल्लीतली कन्नड पाटी वाचायला लावते, तिथं तो एका दमात वाचतो आणि ते गप. नंतर तोच चटईवर सरकून येतो, "आत्ती, माझं पान कुठलं गं?"