कर्ज थकलंय? मोबाइलवर खरी मदत अशी शोधा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी दिवाणजी आहे. तीन ॲपांचे हप्ते थकले, तेव्हा ‘सेटलमेंट करून देतो’ म्हणणाऱ्याला चार हजार आगाऊ दिले आणि तो गायब झाला. आधी पैसे मागणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.

सगळी देणी व्याजासकट वहीत उतरवा. सिबिल म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी; तिचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. माझं विसरलेलं एक कर्ज त्यातच सापडलं. मग कर्ज देणाऱ्याला ईमेल करा: हप्ता कमी करा, मुदत वाढवा. तक्रार लेखी दिल्यावर 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जा. एक रुपयाही लागत नाही. चौकशीला रिझर्व्ह बँकेचा 14448 नंबर. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर त्याच क्षणी सायबर हेल्पलाइन 1930 लावा. मी दोन दिवस लाजेत घालवले.