गहू सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर

मैद्याचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवावा आणि मग पाण्याने भरलेल्या पातेल्यात हलक्या हाताने चोळत राहावे. पाणी दुधासारखे पांढरे होते. ते दोन-तीनदा बदलून सगळे पिष्ट निघून गेले की हातात रबरासारखा ताणला जाणारा, चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन. गव्हातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्याबरोबर मळली जाताना एकमेकांत गुंफतात व त्यांचे जाळे बनते. त्या जाळ्यामुळेच पोळी न फाटता पातळ लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारीच्या पिठात असे जाळे होत नाही, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि ती थापावी लागते. जव आणि राय या धान्यांत मात्र गव्हाच्या जातीचीच प्रथिने असतात.

बहुसंख्य माणसांना ग्लुटेनने काहीही अपाय होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यातील सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे सिलिअ‍ॅक रोग. जगभरात साधारण शंभरात एका माणसाला तो असतो. या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या झटापटीत लहान आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. अन्नरस शोषणारी जागाच कमी झाल्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब आणि पोटफुगी ही ओळखीची लक्षणे; पण पुष्कळ रुग्णांत पोटाची तक्रार जवळजवळ नसते. मुलाची उंची खुंटते, लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, हाडे ठिसूळ होतात, आणि घरचे ‘हा नीट जेवतच नाही’ म्हणून मुलालाच बोलत राहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. त्यामुळे डॉ. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांचा गव्हावरील संशय बळावला, आणि १९५०मध्ये त्यांनी तो आपल्या प्रबंधात मांडला.

अशी शंका आली तर पहिला नियम हा, की तपासणी होण्यापूर्वी गहू बंद करू नये. हे मी आग्रहाने लिहीत आहे, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतो. कोणीतरी सांगते म्हणून पोळी सोडली जाते, बरे वाटते, आणि काही महिन्यांनी रक्त तपासले तर अहवाल निर्दोष येतो, कारण ग्लुटेन पोटात जात नसल्याने त्याविरुद्धची प्रतिपिंडेही उतरलेली असतात. मग निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खाण्याची वेळ येते. म्हणून रोजचा आहार चालू ठेवूनच पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. ‘टीटीजी-आयजीए’ ही रक्ततपासणी आणि सोबत एकूण आयजीएचे, म्हणजे ही तपासणी ज्या प्रकारची प्रतिपिंडे शोधते त्या प्रकाराचे, प्रमाण पाहिले जाते. काही माणसांत आयजीएच मुळात कमी असल्याने पहिली तपासणी फसवी ठरू शकते. त्यानंतर बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन निदान पक्के करतात. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा विकार आहे. त्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा श्वास लागतो आणि त्याच्या तपासण्याही वेगळ्या असतात. सिलिअ‍ॅक नसूनही काहींचे पोट गव्हाने फुगते. त्यामागे पुष्कळदा ग्लुटेन नसून गव्हातील फ्रुक्टान ही शर्करा असते.

निदान पक्के झाले की ग्लुटेन आयुष्यभर आणि पूर्णपणे बंद करावे लागते. ‘सणाला एक पुरणपोळी’ ही सवलत या आजारात नाही. खपली गहू मधुमेहाला चालतो म्हणून इथेही चालेल असे अनेकांना वाटते; पण खपली हा गहूच आहे. रवा, मैदा, शेवया, लापशी, जव किंवा गहू घातलेले सातूचे पीठ आणि जवाच्या माल्टची पेये, हे सगळे वर्ज्य. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ रोजच्या जेवणातले आहेत, हे मोठे भाग्य. उपवासाची भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा हेही चालतात. उकडीचा मोदक चालतो, तळणीचा चालत नाही, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा हात जोडून नाकारावा लागतो.

अवघड भाग आहे तो न दिसणाऱ्या पिठाचा. माझ्या भाचीचे निदान झाल्यावर घरात पोळी आली नाही, तरी सहा महिन्यांनी तिचा अहवाल पुरेसा उतरला नव्हता. एकेक डबा उघडून पाहिल्यावर कारण फोडणीत सापडले: बांधानी हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत ‘गव्हाचे पीठ’ असे छापलेले होते. त्यानंतर खडा हिंग आणून घरीच कुटायला सुरुवात केली. दुसरी जागा पिठाच्या गिरणीची. ज्या जात्यावर नुकताच गहू दळला, त्यावर दळलेल्या ज्वारीत गहू उतरतोच. आधी मूठभर तांदूळ दळून जाते ‘साफ’ केले, तरी ते पुरेसे नाही. परवडत असेल तर फक्त या धान्यांसाठी घरघंटी घ्यावी, नाहीतर मिक्सरवर थोडे थोडे दळावे. ज्वारी आणतानाच ती निवडून गव्हाचे दाणे काढावेत. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो, म्हणून ती वेगळी करावी. लाकडी पोळपाट-लाटणे आणि पिठाची चाळण यांच्या फटींतून पीठ धुऊन जात नाही. ती नवीनच घ्यावीत. शंकरपाळे तळलेल्या तेलात रुग्णाचे पापड तळू नयेत. पाकिटावर ‘ग्लुटेन-मुक्त’ असे लिहायचे तर भारतातील नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. इतक्या सूक्ष्म प्रमाणाची ही बाब आहे.

आहारात नाचणी, डाळी, पालेभाज्या आणि दूध भरपूर ठेवावे आणि लोह, ड जीवनसत्त्व, ब-१२ यांच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढे दिवस घ्याव्यात. मैद्याऐवजी टॅपिओका वापरलेल्या महाग बिस्किटांनी पोषण होत नाही. रक्ततपासणी सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी करावी. रुग्णाच्या आई-वडिलांची आणि भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, कारण जवळच्या नात्यात साधारण दहातील एकाला हा आजार असू शकतो, आणि तो अहवाल हाती येईपर्यंत त्यांच्या ताटातली पोळी काढू नये.