व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट विचारतात: निघण्याआधी या चुका टाळा

"व्हिसा लागत नाही ना भाऊ, मंग वापसीचं तिकीट आताच काऊन काढाचं?"

देवळीत माझं ऑनलाइन सेंटर आहे. पीक विमा, सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत पासपोर्टचे अर्ज आणि विमानाची तिकिटंही येऊ लागली. आमच्या भागातून थायलंडला जाणाऱ्यांत विहारांचं दर्शन घेणारे, ध्यान शिबिराला बसणारे उपासक बरेच. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की दोस्त-दोस्त मिळून मलेशिया पाहायला जाणारी पोरंही आता दिसतात. वरचा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. जुलै २०२५ मध्ये मी स्वतः या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं, आणि त्याचा त्रास एका सत्तरीच्या जोडप्याला झाला.

निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या मिसेस. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात त्या तीन महिन्यांच्या, सुरुवातीला थायलंडच्या एका विहारात राहायचं त्यांच्या मनात होतं. किती दिवस, ते ठरलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "भंतेजी सांगतीन तवा वापस येऊ." मी फक्त जाण्याचं तिकीट काढून दिलं. वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसनं ते मुंबईला गेले. रात्री साडेअकराला गुरुजींचा फोन आला. काउंटरवरची मुलगी बोर्डिंग पास देत नव्हती. परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट दाखवा, एवढंच ती म्हणत होती.

मी इकडे लॅपटॉप उघडून बसलो. गुरुजींच्या कार्डावर पैसे होते, पण ओटीपी जायचा पुलगावला राहणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा झोपलेला. शेवटी शेजाऱ्याला फोन करून त्याला उठवलं. काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं उरली असताना तिकीट निघालं. आठवडाभर आधी पाहिलेल्या भावाच्या जवळपास दुप्पट पैसे लागले. बँकॉकला उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं तिकीट विचारलंसुद्धा नाही. पण ते दोघं तिथवर पोहोचले ते त्या तिकिटामुळेच.

तेव्हापासून मी प्रत्येकाला बसवून हे सगळं सांगतो. इथे लिहून ठेवतोय, कारण देवळीबाहेरच्यांनाही लागेल.

"लुंबिनीला गेलो होतो, तिथं तं कोणी काही विचारलं नाही"

ही सगळ्यात मोठी गैरसमजूत, आणि ती अनुभवातूनच आलेली असते. गोरखपूरहून सोनौलीच्या सीमेवरून नेपाळमधल्या लुंबिनीला जाऊन आलेले लोक आमच्याकडे गावोगावी आहेत. नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा नको, पासपोर्टही लागत नाही. विमानानं गेलात तरी मतदार ओळखपत्र चालतं. त्यामुळे 'व्हिसा नाही' म्हटलं की डोळ्यांपुढे सोनौलीची कमान येते.

थायलंड, मलेशियाचं तसं नाही. तिथं व्हिसा माफ आहे, म्हणजे आधी अर्ज करून शिक्का घ्यायची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रवेश द्यायचा की नाही हे उतरल्यावर तिथला अधिकारीच ठरवतो. हा माणूस फिरायला आलाय आणि मुदतीत परत जाईल, याची खात्री त्याला हवी असते. परतीचं तिकीट हा त्याचा सगळ्यात सरळ पुरावा. सोबत राहण्याचं ठिकाण आणि खर्चापुरते पैसेही तो विचारू शकतो.

अडवतात ते आपल्याच विमानतळावर

लोकांना वाटतं, पुढचं पुढे पाहू, बँकॉकला समजावून सांगू. पण पहिली चाळणी विमान कंपनीच्या काउंटरवर लागते. एखाद्या देशानं प्रवासी नाकारला तर त्याला परत नेण्याची जबाबदारी आणणाऱ्या कंपनीची असते, आणि बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. म्हणून काउंटरवरची माणसं संगणकात त्या देशाचे नियम पाहतात. त्यासाठी विमान कंपन्यांच्या आयाटा या जागतिक संघटनेची 'टिमॅटिक' नावाची यंत्रणा वापरली जाते. तिथं परतीचं किंवा पुढचं तिकीट हवं असं लिहिलेलं असलं की समोरची मुलगी तेच मागणार. 'माझा मित्र असाच गेला' हे तिला सांगून काही होत नाही. तो मित्र खरंच तसा गेला असेल. कधी विचारतात, कधी नाही, आणि आपल्या वेळी काय होईल ते आधी कळत नाही.

नागपूरहून निघणाऱ्यांना बहुतेकदा मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. दोन्ही विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर नागपूरला कोणी काही विचारत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. खरी विचारणा मुंबईच्या काउंटरवर होते, मध्यरात्री, घरापासून आठशे किलोमीटरवर.

तिकीट आहे, पण चालत नाही

एका ताईंनी मोठ्या विश्वासानं मुंबई-नागपूर विमानाचं परतीचं तिकीट पुढे केलं होतं. ते भारतातल्या भारतातलं. त्या देशातून बाहेर पडायचं तिकीट त्यांच्याकडे नव्हतंच. तिथून निघणारं तिकीट लागतं. मग ते नागपूरचं असो, मुंबईचं असो की तिसऱ्याच देशाचं.

तिसऱ्या देशाचं असेल तर तिथं जायची परवानगीही जवळ हवी. बँकॉकहून हनोईचं तिकीट दाखवलंत, तर व्हिएतनामचा ई-व्हिसा कुठे आहे, हा पुढचा प्रश्न येतो. भारतीयांना व्हिएतनामसाठी व्हिसा लागतो. तो आधी काढून, छापून सोबत ठेवला तर ते तिकीट पक्का पुरावा ठरतं.

आगगाडी आणि बसचं जरा अवघड आहे. थायलंडच्या दक्षिणेतून हाट याईमार्गे पाडांग बेसारला रेल्वेनं मलेशियात उतरता येतं, आणि तो प्रवास सुरेख आहे म्हणतात. पण काउंटरवर विमानाचंच तिकीट हवं असा आग्रह बऱ्याचदा धरतात. तसं जायचं असेल तर विमान कंपनीला आधी ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर छापून न्या.

तारखेचा घोळ तर नेहमीचा. थायलंडनं १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस राहू द्यायला सुरुवात केली, आणि लोकांनी त्याचे 'दोन महिने' केले. उतरल्याचा दिवस पहिला धरतात. १० जुलै २०२५ ला, आषाढ पौर्णिमेला उतरलेल्या माणसाचा साठावा दिवस ७ सप्टेंबरला येतो. १० सप्टेंबरचं तिकीट काढलं असतं तर ते तीन दिवस मुदतीबाहेर गेलं असतं, आणि काउंटरवर ते दाखवणं म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध कागद देणं. गंमत अशी की ७ सप्टेंबरला भाद्रपद पौर्णिमा होती. पौर्णिमा ते पौर्णिमा मोजणाऱ्या गुरुजींचा हिशेब इंग्रजी कॅलेंडरच्या हिशेबापेक्षा बरोबर निघाला. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाथ दंड आहे, जास्तीत जास्त २०,००० बाथपर्यंत. पूर्ण तीन महिन्यांचा वर्षावास या सवलतीत बसत नाही. त्यासाठी योग्य व्हिसाच काढावा.

नावाचंही पाहा. पासपोर्टावर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव ज्या स्पेलिंगनं आणि ज्या रकान्यात आहे, तसंच दोन्ही तिकिटांवर हवं. पासपोर्टाची मुदत किमान सहा महिने उरलेली असू द्या.

डमी तिकीट

याबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचं आहे. 'थोडक्या पैशात परतीचं डमी तिकीट' अशा जाहिराती मोबाइलवर सतत येतात. त्यात दोन प्रकार असतात. एकात खरंच जागा धरलेली असते, पण पैसे भरलेले नसतात. आपल्या रेल्वेच्या वेटिंगसारखं समजा: चार्ट लागला की ऑनलाइन वेटिंग तिकीट जसं आपोआप रद्द होतं, तशी ही धरलेली जागा काही तासांत किंवा दिवसांत सुटून जाते. तुम्ही काउंटरवर पोहोचेपर्यंत ती नसेलही. दुसऱ्या प्रकारात जुन्या तिकिटावर नाव बदलून कागद छापलेला असतो. तो बनावट दस्तऐवज आहे. परक्या देशाच्या अधिकाऱ्यापुढे असा कागद ठेवून पकडलं गेल्यावर नुसतं तिकीट नसल्यापेक्षा फार वाईट परिस्थिती होते. मी माझ्या सेंटरवरून असं तिकीट कोणालाही काढून देत नाही.

आपलं तिकीट खरं आहे का, हे पाहणं सोपं आहे. विमानाचा पीएनआर सहा अक्षर-आकड्यांचा असतो. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर तो आणि आडनाव टाका. बुकिंग दिसलं पाहिजे, आणि १३ आकडी ई-तिकीट क्रमांकही दिसला पाहिजे. तो क्रमांक नसेल तर बहुधा फक्त जागा धरलेली आहे, तिकीट निघालेलं नाही. काही स्वस्त विमान कंपन्या मात्र असा क्रमांक देतच नाहीत; तिथं बुकिंग पक्कं आणि पैसे भरलेले दिसले पाहिजेत. एजंटकडून तिकीट घेतलं असेल तर घरी पोहोचण्याआधी त्याच्यासमोरच हे तपासा.

तारीख पक्की नसेल तर तारीख बदलता येणारं किंवा रद्द केल्यावर पैसे परत मिळणारं तिकीट घ्या. थोडं महाग पडतं. पैसे भरण्याआधी रद्द करण्याचा आकार किती, ते नीट वाचा. स्वस्त तिकिटांत तो कधी कधी तिकिटाएवढाच असतो.

पोरांनो, हे वाचा

वीस-बावीस वर्षांचा मुलगा, पहिलाच परदेश प्रवास, फक्त जाण्याचं तिकीट आणि ठिकाण बँकॉक. असा प्रवासी दिसला की आपलं इमिग्रेशनही जास्त चौकशी करतं, आणि त्याला कारण आहे. डेटा एंट्रीच्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय मुलांना थायलंडला नेतात. तिथून माए सोतजवळची मोएई नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत त्यांना डांबतात. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या दोन विमानांनी परत आणावं लागलं.

म्हणून कोणी 'जाण्याचं तिकीट तू काढ, वापसीचं कंपनी काढेल, कोणी विचारलं तं फिरायला चाललो म्हण' असं सांगत असेल, तर तिथंच थांबा. व्हिसा माफीवर नोकरी करता येत नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. तिथं त्याचं नाव नसेल तर पुढचं बोलणंच नको.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर बहुधा ईसीआर असा उल्लेख असतो. ज्या १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना सरकारची मंजुरी लागते, त्यांत थायलंड आणि मलेशियाही आहेत. फिरायला जाताना ती मंजुरी लागत नाही, पण परतीचं तिकीट मात्र मागतात. आमच्या भागातल्या वयस्क शेतकऱ्यांचे पासपोर्ट बरेचदा असेच असतात. त्यांच्या बाबतीत मी परतीच्या तिकिटाशिवाय पुढे जातच नाही.

तिकीट सोडून आणखी काय

थायलंडनं १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं केलं. मलेशियाचं तसंच कार्ड जानेवारी २०२४ पासून आहे. दोन्ही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची आणि दोन्ही फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. फिलिपिन्सनं जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली, पण परतीचं किंवा पुढचं तिकीट ही अट स्पष्ट लिहून ठेवली. मालदीव, मॉरिशसही ते मागतात.

आणि नियम बदलतात. इराणनं फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना दिलेली व्हिसा माफी नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवली, तीही नोकरीच्या फसवणुकीमुळेच. त्यामुळे माझ्या या लेखातले आकडेसुद्धा तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर एकदा पडताळून घ्या.

काउंटरवर अडवलंच तर

आवाज चढवू नका. काउंटरवरच्या माणसाला नियम वाचून दाखवायची विनंती करा. कधी फक्त 'पुढच्या प्रवासाचा पुरावा' एवढंच लिहिलेलं असतं आणि तुमच्याकडचं तिसऱ्या देशाचं तिकीट त्यात बसतं. पटत नसेल तर वरिष्ठांना बोलवायला सांगा. तरीही तिकीटच हवं असेल तर रांगेबाहेर जाऊन लगेच काढा, शक्यतो त्याच कंपनीच्या साइटवरून, कारण ते त्यांच्या संगणकावर लगेच दिसतं. ओळख नसलेल्या माणसानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लिंकवर पैसे भरू नका.

हे सगळं जमायला वेळ हातात लागतो. आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून चार तास आधी पोहोचा. ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. सिम मुलाकडे असेल तर त्या रात्री त्याला जागं राहायला सांगा. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग किंवा विहाराचं पत्र आणि आगमन कार्ड हे सगळं कागदावर छापून एका पिशवीत ठेवा. ती पिशवी मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग काउंटरवरूनच पुढे जाते.

गुरुजींना नंतर तारीख बदलावी लागली. मिसेसचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि ते बारा दिवस आधी परतले. तारीख बदलता येणारं तिकीट असल्यानं भाड्यातला फरक तेवढा भरावा लागला. नवं तिकीट मी त्यांना फोनवर पाठवलं आणि विहारातल्या एका भंतेजींनी ते तिथंच छापून दिलं.