हँडब्रेक पुढच्या चाकांना की मागच्या? कोकणात गाडी लावताना या चुका टाळा

गणपतीत गावात बघा, प्रत्येक गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून एकतरी मुंबईची नाहीतर पुण्याची गाडी उभी असते. आठ-दहा दिवस तिथेच, वरून पाऊस, खाली लाल चिखल, आणि निघायच्या दिवशी सामान भरून झालं की गाडी जागची हलत नाही. क्लच सोडला की मागून खाली दबते आणि इंजिन बंद पडतं. मग कोणी म्हणतं गिअरबॉक्स गेला, कोणी म्हणतं क्लचप्लेट गेली. बहुतेक वेळा दोन्ही शाबूत असतात, फक्त मागच्या चाकांचे लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, ड्रमला (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला) चिकटलेले असतात. मागचेच का चिकटले, पुढचे का नाही, हे एकदा डोक्यात बसलं की हँडब्रेकच्या निम्म्या भानगडी आपोआप सुटतात.

पहिली चूक समजुतीतलीच आहे. हँडब्रेक ओढला म्हणजे चारही चाकं धरली असं खूप जणांना वाटतं. तो दोनच चाकं धरतो, आणि आपल्याकडच्या जवळपास सगळ्या गाड्यांत ती मागची दोन असतात. लिव्हर ओढला की केबल ताणली जाते, पुढे तिच्या दोन केबल होऊन एकेका मागच्या चाकाकडे जातात, आणि ड्रमच्या आत एक छोटा लिव्हर लायनरना बाहेर ढकलून ड्रमला घट्ट टेकवतो. यात ब्रेक ऑइलचा काही संबंध नाही. ऑइल सगळं गळून गेलं तरी केबल शाबूत असेल तर हँडब्रेक लागतो.

मागेच का, तर पुढची चाकं वळतात, तिथे केबल नेली तर प्रत्येक वळणाला ती वाकत राहणार. शिवाय पुढे डिस्क (ब्रेकची गोल तबकडी) असते, डिस्कला केबलने धरायचं तर कॅलिपरमध्ये, म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या चिमट्यात, वेगळी यंत्रणा लागते. मागच्या ड्रमचं काम सोपं, आणि चाक फिरायला गेलं की एक लायनर आपोआप आणखी घट्ट ओढला जातो, त्यामुळे हाताच्या जोरावर गाडी थांबून राहते. पुढच्या चाकांना हँडब्रेक असलेल्या गाड्या जगात होत्या, सिट्रोएनच्या डीएस आणि बीएक्स, अल्फा रोमिओची अल्फासूद, जुनी सुबारू लिओनी, साब ९९. साब ९०० मध्येही आधी पुढेच होता, १९८८ च्या मॉडेलपासून मागे नेला. फायदा असा की इंजिनचं वजन पुढे, त्यामुळे पुढच्या चाकांची जमिनीवर पकड जास्त, अडचणीच्या वेळी हँडब्रेकने थांबायची वेळ आली तर गाडी जास्त लवकर थांबते. पण या गाड्यांची ओढही (इंजिनची ताकद) पुढच्याच चाकांना, म्हणजे गिअर पुढे, हँडब्रेकही पुढे, मागची दोन्ही चाकं मोकळीच.

आता हेच आपल्या गाडीला लावून बघा. स्विफ्ट, वॅगनआर, आय१० या गाड्यांची ओढ पुढच्या चाकांना, म्हणजे गिअरमध्ये टाकलीत की पुढची चाकं इंजिन धरतं आणि मागची हँडब्रेक धरतो, चारही झाली. बोलेरो, ईको, स्कॉर्पिओचं तसं नाही. तिथे मागच्या चाकांची ओढ असेल तर गिअर पण मागे आणि हँडब्रेक पण मागे, पुढची चाकं पूर्ण मोकळी. म्हणून बोलेरोवाल्याने उतारावर चाकाला चिरा (जांभ्याचा दगड) लावायचा कंटाळा अजिबात करू नये, आणि तो शक्यतो पुढच्या चाकाला लावावा.

उताराला तोंड करून लावणं

याकडे कोणी फार लक्ष देत नाही पण कोकणात हे सगळ्यात महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे घराकडे उतरणारे रस्ते कसे असतात माहीत आहे, तीव्र उतार, जांभ्यावर नाहीतर काँक्रीटवर हिरवंगार शेवाळ, त्यावर आंब्या-फणसाचा पाला. गाडीचं तोंड खाली करून लावलीत तर वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात, आणि हँडब्रेक तर मागेच आहे. म्हणजे लायनर घट्ट बसलेत, चाक अजिबात फिरत नाहीये, तरी टायरच शेवाळावरून घसरत जातो. रिकामी हॅचबॅक असेल तर आणखीनच, कारण मागे वजनच नाही. तोंड चढाला करून लावली की वजन मागे येतं आणि हँडब्रेकची पकड वाढते, म्हणून जागा असेल तर गाडी फिरवा आणि चढाला तोंड करा. नाही जमलं तर रिव्हर्स गिअर टाका, पुढच्या चाकांसमोर चिरे लावा, आणि स्टिअरिंग असं वळवून ठेवा की सुटलीच तर गाडी गडग्याला नाहीतर डोंगराच्या बाजूला टेकेल, दरीकडे किंवा कोणाच्या खळ्यात जाणार नाही.

लावायचा क्रमसुद्धा चुकतो. लोक थेट गिअर टाकून इंजिन बंद करतात, ब्रेकवरचा पाय काढतात, गाडी एक हिसका खाऊन गिअरवर लटकते आणि मग हँडब्रेक ओढतात. पाय ब्रेकवर, न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण वर, मग पाय हळू सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, आणि पुन्हा पाय ठेवून गिअर टाका. ऑटोमॅटिकला तर हे फारच गरजेचं, कारण पी मध्ये गिअरबॉक्समधला एक छोटासा दाता सगळी गाडी धरून असतो, उतारावर त्याच्यावर भार टाकला की सकाळी गिअर काढताना खाडकन आवाज येतो. बहुतेक एएमटीमध्ये (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर आपोआप चालणारे) पी नसतोच, ती गाडी चढाला तोंड असेल तर डी मध्ये, उताराला असेल तर आर मध्ये ठेवून बंद करायची, आणि हँडब्रेक हवाच.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी करणं

ओला ड्रम, ओले लायनर, एकमेकांना दाबून धरलेले, त्यात समुद्राची खारी हवा. ड्रम लोखंडी, एका रात्रीत तांबूस होतो आणि आठवड्यात लायनर त्याला चिकटून बसतो. जास्त दिवस लावायची असेल तर सपाट जागा शोधा, गिअर टाका, चाकांना पुढून मागून चिरे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. आणि लावायच्या आधी शेवटचे दोनशे-चारशे मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा, आतलं पाणी वाळतं.

चिकटलीच तर अॅक्सिलरेटर दाबून ओढू नका. लायनर ज्या पत्र्यावर बसवलेला असतो त्यापासून सुटून ड्रममध्ये अडकतो, मग चाकच जाम होतं आणि काम वाढतं. पहिला गिअर, थोडं पुढे, मग रिव्हर्स, थोडं मागे, असं हलक्या हाताने करा, बहुतेक वेळा टक् असा आवाज येऊन सुटते. नाही सुटली तर आधी चाकांना दगड लावून, चाक काढून ड्रमवर बाहेरून लाकडाने ठोका, पण गाडी जॅकवर असताना खाली शिरू नका.

सुटली, पण चालताना जड वाटते, मायलेज पडलं, असं असेल तर केबल बघा. केबलच्या बाहेरच्या नळीला चीर पडली की पाणी आत जातं, आत गंज धरतो, मग लिव्हर खाली गेला तरी केबल मागे येतच नाही. पाच-दहा किलोमीटर चालवून मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न लावता फक्त तळवा न्या, एक रिम गार आणि एक तापलेला असेल तर त्या बाजूची केबल नाहीतर लायनर अडकलाय. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे फार होतं. म्हणूनच गाडी पुळणीवर (समुद्राच्या वाळूवर) नेऊच नका. फेरीबोटीवर चढताना धक्क्यावर खारं पाणी लागलंच तर घरी येऊन चाकांच्या आत गोडं पाणी मारा आणि थोडं चालवून मगच उभी करा.

सैल झाला की केबल आवळणं

लिव्हर फार वर यायला लागला की लोक थेट केबलचा नट आवळून घेतात, आणि पुष्कळ गॅरेजमध्येही तेच करतात, पाच मिनिटांचं काम. पण लायनर घासल्यामुळे अंतर वाढलं असेल तर आधी ड्रममधला अॅडजस्टर, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग, बघायला हवा. तो गंजून अडकलेला असतो, आणि वरून केबल आवळली तर आतला लिव्हर मूळ जागी परत येत नाही, मग अॅडजस्टर काम करायचं कायमचं थांबतो. ड्रम उघडायला लावा, साफ करून अॅडजस्टर फिरता करा, शेवटी केबल. किती टिकटिकला लागायला हवा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच धरा.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांचं उलटं प्रकरण. आंबा किंवा करूळ घाट उतरून, ब्रेक तापलेले असताना खाली चहाला गाडी लावलीत तर डिस्क थंड होताना आकुंचन पावते आणि पकड सैल पडते, गाडी थोड्या वेळाने सरकू शकते. ड्रम थंड झाला की उलट घट्ट होतो. डिस्कवाल्यांनी घाट उतरल्यावर गिअर टाकायचाच, आणि थोड्या वेळाने लिव्हर अजून एखादी टिक वर येतो का बघायचं.

पंक्चरची एक गोष्ट. पुढचं एक चाक उचललं की पुढच्या ओढीच्या गाडीत गिअरचा आधार संपतो, उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या दुसऱ्या पुढच्या चाकालाही फिरू देतं, तेव्हा गाडी फक्त हँडब्रेकवर उभी असते. मागचं एक उचललं तर हँडब्रेक एकाच चाकावर. जुन्या विलीज जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नव्हताच, गिअरबॉक्समागच्या शाफ्टला होता, तिथे मागचं एक चाक उचललं की तोही निकामी. म्हणून जॅक लावायच्या आधी तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड, हायवेच्या कडेला तर नक्कीच.

चालत्या गाडीत ब्रेक गेले तर हँडब्रेक एकदम उपसू नका. मागची चाकं लॉक झाली की ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरते. गिअर उतरवत या, लिव्हरचं बटण दाबूनच ठेवा आणि थोडा थोडा ओढा, म्हणजे घसरायला लागली की लगेच सोडता येतो.

आणि हँडब्रेक पूर्ण खाली असूनही डॅशबोर्डवरचा लाल दिवा जात नसेल तर लिव्हरचा स्विच बिघडला म्हणून सोडून देऊ नका. कित्येक गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. बॉनेट उघडून डबीवरची खूण बघा. ऑइल खाली गेलं असेल तर एकतर पॅड घासलेत नाहीतर कुठेतरी गळतंय, नुसतं वरून भरून घाटात जाऊ नका, आधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते बघून घ्या.